चोपचिनी, पारा आणि फिरंगरोग

आमचे आडनाव अत्तार असले तरी घरात अत्तराचा धंदा कधी नव्हता. आमच्या भागात अत्तार म्हणजे काष्ठौषधी विकणारा. तालुक्याच्या पेठेत आमचे दुकान होते. मागच्या भिंतीला लाकडी खणांचे कपाट आणि प्रत्येक खणावर खडूने लिहिलेले नाव : सनाय, उन्नाब, गुलबनफशा, रेवंदचिनी. खालच्या ओळीत कोपऱ्यात चोपचिनीचा खण असे. माल मुंबईहून, मशीद बंदरातून येई. गाठाळ, तांबूस, लाकडासारखे टणक तुकडे. अब्बा एकेक तुकडा हातात तोलून बघत. हलका असेल तर बाजूला. किड्याचे भोक दिसले तर बाजूला. कापल्यावर आतून गुलाबीसर निघाला तर तो खणात जाई. शाळकरी वयात मला वाटे, एवढी पारख कशाला? सांधेदुखीच्या म्हाताऱ्यांना काढा करायला तर द्यायचा!

पण चोपचिनी घ्यायला फक्त सांधेदुखीची म्हातारी माणसेच येत नसत, हे मला पुढे कळले. १९८५ च्या आसपासची गोष्ट. दुपारच्या वेळी एक ट्रक ड्रायव्हर दुकानात आला. गिऱ्हाईक संपेपर्यंत थांबला, मग हळू आवाजात अब्बांशी बोलला. अब्बांनी त्याला चोपचिनी दिली नाही. म्हणाले, ‘‘पैले सुई लगा बेटा, फिर चोपचिनी ले जा.’’ आणि सरकारी दवाखान्यात कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी जायचे तेही सांगितले. आलेले गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. रात्री विचारले तेव्हा अब्बा एवढेच म्हणाले, की चोपचिनीने फोड बसतात, आणि फोड बसले की माणूस दवाखान्यात जात नाही.

या एका वाक्याचा अर्थ लागायला मला बरीच वर्षे आणि बरीच पुस्तके लागली.

चोपचिनी हे नाव फारसी आहे. चोब म्हणजे लाकूड, चोबे चिनी म्हणजे चिनी लाकूड. खरे तर ते लाकूड नाही, एका काटेरी वेलीचे जमिनीत वाढणारे खोड आहे. आपल्या यूनानी हिकमतीत ती इतकी मुरलेली आहे की ती इब्न सीनाच्या काळापासून चालत आली असावी असे कुणालाही वाटेल. माजून चोबचिनी, अर्क चोबचिनी ही नावे आजही हकिमांच्या तोंडी आहेत. पण इब्न सीना १०३७ मध्ये वारला आणि त्याच्या ‘कानून’मध्ये चोपचिनी नाही. औषधी वनस्पतींचा महाकोश लिहिणाऱ्या इब्न अल्-बैतारच्या ग्रंथात नाही. चरक-सुश्रुतात तर नाहीच. ती आपल्याकडे आली सोळाव्या शतकात, आणि आली ती एका नव्या रोगाच्या पाठोपाठ.

हा रोग युरोपात उसळला १४९५ मध्ये. फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सच्या फौजा नेपल्समध्ये होत्या, तिथून परतणाऱ्या सैनिकांनी तो गावोगाव नेला. तो मुळात कोलंबसाच्या जहाजांबरोबर अमेरिकेतून आला की आधीपासूनच युरोपात होता, हा वाद अजून मिटलेला नाही. असो. आपल्या दृष्टीने मजेची गोष्ट म्हणजे त्याची नावे. इटलीतले लोक त्याला फ्रेंच रोग म्हणत, फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत. जपानी लोकांनी तो चीनच्या नावावर टाकला, चिनी लोकांनी कँटनच्या. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि पुढे काही वर्षांतच आपल्याकडे त्याला नाव पडले फिरंगरोग. इराणी हकिमांनी त्याला आतशक म्हटले, म्हणजे छोटी आग. मराठीत लोक गरमी म्हणत. रोग कुणालाच आपला नको होता. शेजाऱ्याचे नाव देऊन प्रत्येकजण मोकळा होत होता.

इलाज मात्र सगळीकडे जवळपास एकच सुरू झाला : पारा. पाऱ्याचे मलम अंगाला चोळायचे, हिंगुळाची धुरी द्यायची, रसकापूर पोटात द्यायचा. फोड वाळत हे खरे, पण त्याची किंमत भयंकर होती. लाळ थांबत नसे, हिरड्या सुजून सडत, दात हलून पडत, हातापायांना कंप सुटे. आपल्याकडे भावमिश्राने सोळाव्या शतकात ‘भावप्रकाश’ लिहिला. त्यात फिरंगरोगाला त्याने स्वतंत्र जागा दिली, त्याचे बाहेरचा, आतला आणि दोन्हीकडचा असे प्रकार केले, आणि रसकापूर कसा द्यायचा तेही सांगितले. गव्हाच्या पिठाच्या गोळीत तो बंद करायचा आणि दाताला न लावता गिळायचा, म्हणजे तोंड येणार नाही. ही सूचना वाचली की त्या आधी किती जणांची तोंडे सडली असतील याचा अंदाज येतो. आणि पीठ दात वाचवील, पण पारा पोटात तर जाणारच.

अशा वेळी चीनमधून ही मुळी आली.

दक्षिण चीनमध्ये ती तुफुलिंग या नावाने ओळखली जाते. तिथे ती आधीपासून गरिबाचे अन्न होती. दुष्काळात डोंगरातून खणून आणायची आणि पीठ करून खायची. तिचे एक जुने नावच ‘यू राजाने मागे ठेवलेले धान्य’ अशा अर्थाचे आहे. पुराचे पाणी वाहून नेणारा हा पुराणकाळचा राजा डोंगरात तिच्यावर जगला आणि उरलेली तिथेच टाकून गेला, अशी कथा. ली शिजेन या वैद्याने आपला ‘बेनत्साव गांगमू’ हा प्रचंड औषधकोश १५७८ मध्ये पुरा केला, तो छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १५९६ मध्ये. त्यात तो सांगतो की हा फोडांचा रोग जुन्या ग्रंथांत नाही, तो दक्षिणेकडून पसरला, आणि वैद्य घाईने गुण दिसावा म्हणून पाऱ्याचे क्षार देतात. त्याने फोड बसतात, पण विष हाडापर्यंत जाते, सांधे आखडतात, जुने व्रण चिघळत राहतात. तुफुलिंगचा उपयोग तो रोगावर तर सांगतोच, पण या पाऱ्याच्या विषावरही सांगतो. ही दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चोपचिनीची कीर्ती वाढली ती रोगाच्या जोडीने पाऱ्याच्या भीतीवर.

मलाक्का १५११ मध्येच पोर्तुगीजांच्या हातात आले होते आणि चिनी माल त्या बंदरातून पश्चिमेकडे येई. १५३५ च्या सुमारास ही मुळी गोव्यात पोहोचली. नेमक्या त्याच सुमारास, १५३४ मध्ये, गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला होता. हा मूळचा ज्यू घराण्यातला, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातला. अरबी वैद्यकग्रंथांचा त्याचा अभ्यास होता. आपल्या वाचकांनी त्याची ओळख करून घ्यावी असे मला नेहमी वाटते, कारण तो अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही होता. निजामशहाच्या दरबारी तो उपचाराला जाई आणि तिथल्या हकिमांशी औषधांची चर्चा करी. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा ‘कोलोकियुश’ हा ग्रंथ संवादरूपात आहे. त्यात नुकताच युरोपातून आलेला, ग्रंथांवर विश्वासणारा रुआनो प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. चोपचिनीवर त्यात एक पूर्ण संवाद आहे. चीन-जपानपासून या सगळ्या मुलखांत रोग आहे, तेव्हा देवाने त्याच मुलखात त्याचे औषधही ठेवले, असा त्याचा भाव आहे. प्रत्येक दुखण्याला इलाज असतो ही श्रद्धा आपल्यालाही परकी नाही.

ओर्ताच्या वाट्याला मात्र मृत्यूनंतरही शांतता आली नाही. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायालयाने जाळले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. ज्यू वैद्याने मुसलमान हकिमांकडून आणि हिंदू वैद्यांकडून ऐकून, पोर्तुगीज भाषेत, चिनी मुळीबद्दल लिहिलेले पुस्तक मात्र राहिले. १५६७ मध्येच क्लुसियसने त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पला छापला आणि तो युरोपभर गेला.

युरोपात मुळी त्याआधीच पोहोचली होती. सम्राट पाचव्या चार्ल्सला गाऊटचा त्रास होता आणि तो चोपचिनीचा काढा घेऊ लागला. राजा घेतो म्हटल्यावर सरदार घेऊ लागले आणि भाव चढला. त्याचा वैद्य होता आंद्रेयास वेसालियस, शरीररचनाशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव आज घेतले जाते तोच. लोक त्याला या काढ्याबद्दल सारखे विचारू लागले. १५४६ मध्ये त्याने बाझेलला ‘चिनी मुळीचे पत्र’ छापले. गंमत अशी, की मुळीबद्दलचे चार शब्द सुरुवातीला संपतात आणि बाकीचे पुस्तक आपल्या टीकाकारांशी भांडण्यात जाते. मुळीवर त्याचा फारसा विश्वास नव्हता. बिनविश्वासाच्या औषधाचे नाव पुस्तकाला देऊन त्याने ते खपवले, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

इराणात याच शतकात इमादुद्दीन महमूद शिराजी हा हकीम होऊन गेला. मशहदच्या इस्पितळात तो काम करी. शिर्वानच्या सुभेदाराने एकदा शिक्षा म्हणून त्याला रात्रभर बर्फात ठेवले होते. जगण्यासाठी त्याने अफू घेतली. कंप आणि अफू दोन्ही मग जन्मभर राहिली. या माणसाने अफूवर रिसाला लिहिला, आतशकवर लिहिला आणि चोबे चिनीवरही वेगळा रिसाला लिहिला. औषध शरीराला काय देते आणि बदल्यात काय घेते, हे स्वतःच्या अंगावर मोजलेला हा हकीम. फारसीतून ते ज्ञान आपल्याकडच्या हकिमांकडे आले. भावमिश्राने या मुळीला ‘द्वीपांतर वचा’ म्हटले, म्हणजे दुसऱ्या द्वीपावरून आलेले वेखंड. नावातच तिच्या परकेपणाची कबुली आहे.

इथे थोडे थांबले पाहिजे. जुन्या वैद्यकांबद्दल आपली एक ठरलेली समजूत असते : ग्रंथात असेल तेच खरे, बाकी सगळे बाद. चोपचिनीचा इतिहास ही समजूत खोटी ठरवतो. रोग कुणाच्याच ग्रंथात नव्हता. मुळी चीनबाहेर कुणाच्याच ग्रंथात नव्हती. तरी गोवा, मशहद, बाझेल, नानजिंग अशा ठिकाणच्या माणसांनी एका शतकाच्या आत तिला ग्रंथात आणले. जालीनूसने सांगितले नाही म्हणून हकीम अडले नाहीत आणि चरकाने सांगितले नाही म्हणून भावमिश्र अडला नाही. त्यांनी तजुर्ब्यावर विश्वास ठेवला. पण याच तजुर्ब्याने त्यांना फसवले.

तजुर्बा कसा फसवतो? फिरंगरोगाचा पहिला व्रण काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. कोणतेही औषध दिले नाही तरी. मग अंगावर पुरळ उठते, तेही जाते. पुढे रोग वर्षानुवर्षे शरीरात गप्प बसतो. काहींना तो पुन्हा कधीच त्रास देत नाही. काहींचे हृदय, मेंदू, डोळे, हाडे तो दहा-वीस वर्षांनी खाऊन टाकतो. चाळीस दिवस चोपचिनी दिली आणि व्रण गेला, तर हकीम काय समजणार? त्याने डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले.

याचा पुरावा नॉर्वेत अनपेक्षितपणे मिळाला. ओस्लोतल्या बोएक नावाच्या डॉक्टरचे मत होते की पारा रोगापेक्षा वाईट आहे. म्हणून १८९१ ते १९१० या काळात त्याने सुमारे दोन हजार रुग्णांना पारा दिलाच नाही, फक्त व्रण जाईपर्यंत इस्पितळात ठेवले. पुढे इतरांनी त्या रुग्णांचा शोध घेतला. १९५५ मध्ये पुरा हिशेब छापून आला. जवळपास तीनांतल्या एकाला पुढे रोगाने पुन्हा गाठले होते आणि बाकीच्यांना मोठा त्रास झाला नव्हता. म्हणजे काहीही न देता तीनांतले दोघे ‘बरे’ झाले! चोपचिनीने त्याच रुग्णांचे श्रेय चारशे वर्षे घेतले, असे मला वाटते. ज्या तिसऱ्याला रोगाने पुन्हा गाठले, तो तोवर दुसऱ्या गावी गेलेला असे, नाहीतर त्याच्या झटक्याचा जुन्या फोडाशी संबंध कुणी जोडत नसे.

तरीही मी त्या हकिमांना दोष देणार नाही. त्यांच्यासमोर निवड होती ती पारा आणि चोपचिनी यांत. ज्याला चोपचिनी मिळाली त्याचे दात राहिले, मूत्रपिंडे राहिली, हात थरथरले नाहीत. जिच्यात फारसा गुण नाही पण अपायही नाही अशी मुळी, गुण असल्यासारख्या दिसणाऱ्या विषापेक्षा चांगली. चोपचिनी सुरक्षित ठरली ती पाऱ्याच्या तुलनेत, आणि तुलनेचा हा भाग पुढे लोक विसरले.

तिचा परहेजही त्या सुरक्षिततेत मोजायला हवा. चाळीस दिवस मीठ नाही, आंबट नाही, बायकोपासून दूर राहायचे, अंगाला वारा लागू द्यायचा नाही. मुळीचे पातळ काप रात्रभर पाण्यात भिजवायचे, मंद आचेवर आटवायचे आणि तेच पाणी दिवसभर प्यायचे. ली शिजेननेही चहा, गोमांस, बकरी, कोंबडी, मासळी, दारू आणि संग वर्ज्य सांगितला आहे. खाण्यापिण्याच्या पथ्याने जंतू मेले नसतील, पण चाळीस दिवस संग टाळला तेव्हा रोग दुसऱ्याला लागण्याचा सर्वांत धोक्याचा काळ काही प्रमाणात तरी टळला असेल. औषधापेक्षा परहेज उपयोगी पडण्याचे हे बहुधा एकटेच उदाहरण नसावे.

पुढचा इतिहास झटपट सांगता येतो. अमेरिकेतून उश्बा आला आणि युरोपात चोपचिनी मागे पडली. १९०५ मध्ये शॉदिन आणि हॉफमन यांनी रोगाचा जंतू पाहिला. १९१० मध्ये एर्लिखचे सोमलयुक्त साल्व्हार्सन बाजारात आले. १९४३ मध्ये अमेरिकेत महोनी याने पेनिसिलिनने हा रोग बरा होतो हे दाखवले. आजही त्या रोगावर तीच सुई आहे. वेळेवर घेतली तर रोग मुळासकट जातो. अब्बांची ‘पैले सुई’ ती हीच.

मग चोपचिनी टाकून द्यायची का? नाही. दक्षिण चीनमध्ये ती आजही सूपमध्ये घालतात. कासवाच्या कवचाबरोबर शिजवून तिची काळी, कडवट जेली करतात आणि उन्हाळ्यात आवडीने खातात. आपल्याकडे सांधेदुखी, खाज, जुने त्वचारोग यांवर हकीम ती देतात. यूनानीत तिला मुसफ्फी-ए-खून, रक्त शुद्ध करणारी, म्हणतात. तिच्यातल्या काही घटकांनी प्राण्यांमध्ये सूज कमी होते असे प्रयोगशाळांत दिसले आहे. माणसांवरच्या पक्क्या चाचण्या मात्र फार थोड्या आहेत. माफक प्रमाणात मुळी स्वतः घातक आहे असे कुणी म्हणत नाही. गरोदरपणी आणि इतर औषधे चालू असताना डॉक्टरला सांगितल्याशिवाय घेऊ नये, एवढे पथ्य पुरे.

धोका मुळीत कमी आणि तिच्या नावात जास्त आहे. चोपचिनी म्हणून ग्रंथात नोंदलेली वेल स्मायलॅक्स चायना, पण चीनमधले तुफुलिंग ही तिची बहीण, स्मायलॅक्स ग्लॅब्रा. बाजारात बरेचदा तीच मिळते. आमच्या सह्याद्रीतली घोटवेल त्याच कुळातली, आणि तिच्याही गाठी चोपचिनी म्हणून विकता येतात. बहिणी-बहिणींतली ही अदलाबदल फार महाग पडणार नाही. पण नावाची चूक कुठवर जाऊ शकते ते ब्रसेल्समध्ये दिसले. १९९० नंतर तिथे वजन कमी करण्याच्या गोळ्यांत फांगजी नावाची चिनी वनस्पती घालत. फांगजी या नावाने चीनमध्ये दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. गोळ्यांत दुसरीच गेली, तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल होते. शंभराहून अधिक रुग्णांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांतल्या काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. १९९३ मध्ये त्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये हे छापले तेव्हा जगाला कळले.

दुसरा धोका जुनाच आहे. रक्तशुद्धीच्या नावाने बिनलेबलाच्या पुड्या अजूनही विकल्या जातात. त्यात चोपचिनी असेल, पण गुण लवकर दिसावा म्हणून रसकापूरही असू शकतो. ली शिजेनने ज्या घाईबद्दल लिहिले तीच ही घाई. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर ती घेऊ नये, असे मी नातेवाइकांना सांगतो, आणि अर्धे नातेवाईक ऐकत नाहीत.

दुकान आता माझा धाकटा भाऊ चालवतो. लाकडी कपाट गेले, प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या. गेल्या वर्षी मी चोपचिनीचा एक तुकडा हातात घेऊन कापला. आतून पांढरट निघाला. ‘‘ही कोणती?’’ मी विचारले. तो म्हणाला, ‘‘भाईजान, बिलावर चोपचिनी लिहिलंय.’’ मी तो तुकडा खिशात घातला आणि महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकाला नेऊन दाखवला. वाळलेल्या तुकड्यावरून नुसते बघून सांगता येणार नाही, पान असते तर सांगितले असते, असे ते म्हणाले.